गाडी बदलते, क्रमांक राहतो

मोटारगाडीच्या पुढे आणि मागे लावलेली क्रमांकाची पट्टी ही त्या गाडीवरील बहुधा सर्वांत स्वस्त वस्तू असते. इंजिन निकामी झाले तर ते बदलता येते, टायर झिजले तर नवे घालता येतात, रंग उडाला तर पुन्हा देता येतो. परंतु क्रमांक मात्र गाडी रस्त्यावर आल्या दिवसापासून ती भंगारात जाईपर्यंत तिच्याच अंगावर राहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ब्रिटनमध्ये ही समजूत खरी ठरत नाही. तेथे क्रमांक एका गाडीवरून उतरवता येतो, वर्षानुवर्षे केवळ कागदावर जपून ठेवता येतो, दुसऱ्या गाडीवर चढवता येतो, त्याच्या वापराचा हक्क विकता येतो आणि मृत्यूनंतर तो वारसाकडे जाऊही शकतो. एवढे असूनही कायद्याच्या दृष्टीने तो क्रमांक कोणाच्याच मालकीचा नसतो. हा विलक्षण व्यवहार कसा उत्पन्न झाला, तो कसा पार पडतो आणि कोणत्या चुकीमुळे क्रमांक कायमचा हातचा जातो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नोंदणीचा आरंभ

विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील रस्त्यांवर मोटारगाड्या दिसू लागल्या, तेव्हा त्यांच्याबद्दल लोकांत कुतूहलाइतकीच धास्तीही होती. घोडे बुजत, धुळीचे लोट उठत आणि अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास ओळखण्याचे साधन कोणाच्याही हाती नसे. यावर उपाय म्हणून १९०३ साली मोटारगाड्यांसंबंधीचा कायदा संमत झाला व १ जानेवारी १९०४ पासून तो अमलात आला. वेगाची मर्यादा ताशी २० मैल करण्यात आली. पण त्याबरोबरच प्रत्येक गाडीची नोंदणी करणे आणि तिच्यावर क्रमांक ठळकपणे लावणे सक्तीचे झाले. मोटारगाडीच्या नोंदणीसाठी २० शिलिंग आणि मोटारसायकलीसाठी ५ शिलिंग असे शुल्क ठरले.

नोंदणीचे काम परगण्यांच्या व मोठ्या नगरांच्या स्थानिक परिषदांकडे सोपविण्यात आले. प्रत्येक परिषदेला एक किंवा दोन अक्षरांचे चिन्ह मिळाले. लोकसंख्येच्या क्रमाने लंडनला ‘ए’, लँकेशायरला ‘बी’ अशी अक्षरे लाभली. अक्षरापुढे १ पासून ९९९९ पर्यंतचा आकडा असे. आपल्याकडे ‘एमएच १२’ म्हणताच पुणे आणि ‘एमएच ०९’ म्हणताच कोल्हापूर डोळ्यांपुढे उभे राहते, तसेच तेथील जाणकाराला अक्षरांवरून गाडीचे गाव कळत असे.

क्रमांकाचा मूळ हेतू असा सार्वजनिक होता. रस्त्यावरच्या कोणाही माणसाला गाडी ओळखता यावी आणि पोलिसांना तिच्या धन्यापर्यंत पोहोचता यावे, यासाठी तो होता. परंतु क्रमांकाविषयीची हौस कायद्याइतकीच जुनी निघाली. लंडनचा ‘ए १’ हा क्रमांक फ्रँक रसेल या उमरावाने मिळविला. विख्यात तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे हे थोरले बंधू. हा क्रमांक दुसऱ्या कोणास जाऊ नये म्हणून नोंदणी कचेरीपुढे रात्रभर रांग धरण्यात आली होती, असे सांगतात. काही ठिकाणी याच्या आधीच क्रमांक दिले गेले होते. तरीही ब्रिटनमधील पहिला क्रमांक म्हणून लोकांच्या तोंडी नाव राहिले ते ‘ए १’चेच.

अक्षरांत दडलेले वय

हस्तांतरणाचे नियम समजून घेण्यासाठी क्रमांकांच्या घडणीचा इतिहास थोडा पाहावा लागतो. जुन्या रचनेतील आकडे संपत आल्यावर १९३२ साली स्टॅफर्डशायर परगण्याने तीन अक्षरे व तीन आकडे अशी नवी रचना सुरू केली. तीही पुरेना, तेव्हा १९६३ पासून क्रमांकाच्या शेवटी वर्षाचे एक अक्षर जोडण्यात येऊ लागले आणि १९६५ पासून ते सर्वत्र सक्तीचे झाले. १९८३ च्या ऑगस्टमध्ये हे वर्षाचे अक्षर शेवटून उचलून आरंभी आणण्यात आले. पुढे १ सप्टेंबर २००१ पासून आजची रचना आली. तीत पहिली दोन अक्षरे प्रदेश सांगतात, मधले दोन आकडे नोंदणीचा काळ सांगतात आणि शेवटची तीन अक्षरे केवळ भेद दाखविण्यापुरती असतात. २००१ च्या सप्टेंबरसाठी ५१, २००२ च्या मार्चसाठी ०२, त्याच वर्षाच्या सप्टेंबरसाठी ५२, याप्रमाणे हे आकडे चालतात.

यामुळे एक गोष्ट घडली. १९६३ पूर्वीच्या क्रमांकांत वर्षाची कोणतीच खूण नव्हती, तर नंतरच्या प्रत्येक क्रमांकात गाडीचे वय लिहिले जाऊ लागले. ज्याला आपल्या गाडीचे वय शेजाऱ्याला कळू द्यावयाचे नव्हते, त्याला जुना, वर्ष न सांगणारा क्रमांक हवाहवासा वाटू लागला. उत्तर आयर्लंडमधील क्रमांकांना आजही वर्षाची खूण नसते. म्हणून ‘आय’ किंवा ‘झेड’ हे अक्षर असलेले तेथील क्रमांकही इंग्लंडातील गाड्यांवर दिसतात.

क्रमांकाचे मोल

स्थानिक परिषदांकडून नोंदणीचे काम १९७४ साली वेल्समधील स्वान्सी येथील मध्यवर्ती कार्यालयाकडे गेले. आज या संस्थेचे नाव ड्रायव्हर अँड व्हेइकल लायसेन्सिंग एजन्सी असे असून व्यवहारात तिला डीव्हीएलए म्हणतात. आवडता क्रमांक जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर नेण्याच्या रीतीला ‘चेरिश्ड ट्रान्स्फर’, म्हणजे जिवापाड जपलेल्या क्रमांकाचे स्थानांतर, असे नाव पडले. नावात माया होती, पण व्यवहारात पैसाही होता. एखाद्याच्या नावाची आद्याक्षरे असलेला किंवा वाचताना शब्दासारखा भासणारा क्रमांक मिळविण्यासाठी लोक मोठी रक्कम मोजू लागले आणि अशा क्रमांकांचा व्यापार करणाऱ्या पेढ्या उभ्या राहिल्या.

सरकारनेही ही संधी सोडली नाही. पूर्वी न दिलेले क्रमांक १९८९ पासून सरकार स्वतः विकू लागले व त्याच वर्षी त्यांचा पहिला लिलाव झाला. एसेक्स परगण्याच्या परिषदेने १९०४ पासून आपल्या गाडीसाठी राखलेला ‘एफ १’ हा क्रमांक २००८ साली विकला, तेव्हा करासह सुमारे ४ लाख ४० हजार पौंड आले. ‘२५ ओ’ या क्रमांकाला २०१४ च्या लिलावात सर्व शुल्के धरून सुमारे ५ लाख १८ हजार पौंड मिळाले. जी पट्टी बनविण्यास काही थोडे पौंड लागतात, तिच्यावरील दोन-तीन चिन्हांना घराची किंमत यावी, ही घटना खरोखर विचार करण्याजोगी आहे.

तथापि एवढी रक्कम देऊन घेणारा नेमके काय घेतो? तो क्रमांक घेत नाही. क्रमांक शासनाचाच राहतो. विकत मिळतो तो फक्त एखाद्या गाडीवर तो क्रमांक लावण्याचा हक्क. पट्टीवरील अक्षरांमधील अंतर बदलून तिचा शब्द बनविण्याचा प्रयत्न केला, तर १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि क्रमांक काढूनही घेतला जातो. विकत घेतलेली वस्तू गैरवापराबद्दल विक्रेत्याने परत घ्यावी, असा प्रकार इतर व्यवहारांत सहसा आढळत नाही.

स्थानांतराची रीत

प्रत्यक्ष रीत दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीत क्रमांक जुन्या गाडीवरून उतरविला जातो आणि दुसऱ्या पायरीत तो नव्या गाडीवर चढविला जातो. दोन्ही गाड्या हाताशी असतील तर टपालाने एकच अर्ज करून दोन्ही पायऱ्या एकदम पार पाडता येतात. या अर्जाला ‘व्ही ३१७’ हा क्रमांक आहे. एरवी संगणकावरून अर्ज करून क्रमांक आधी उतरवून ठेवतात व सवडीने दुसऱ्या गाडीला देतात. शुल्क ८० पौंड आहे.

उतरविलेल्या क्रमांकासाठी डीव्हीएलए एक दस्तऐवज देते. त्याला ‘व्ही ७७८’ म्हणतात. गाडीवर कधीच न चढलेला, नव्याने विकत घेतलेला क्रमांक असेल तर त्याचे हक्कपत्र ‘व्ही ७५०’ या नावाने मिळते. ही कागदपत्रे म्हणजे गाडीविना राहिलेल्या क्रमांकाचे तात्पुरते घर होय. त्यांची मुदत १० वर्षांची असते. २०१५ च्या मार्चपूर्वी क्रमांक असा राखून ठेवण्यासाठी दरवर्षी २५ पौंड भरावे लागत. ते शुल्क त्या वेळी रद्द झाले.

क्रमांक उतरला म्हणून जुनी गाडी बेनाव राहत नाही. तिला तत्काळ दुसरा क्रमांक मिळतो. हौशीचा क्रमांक लावण्यापूर्वी तिचा जो मूळचा क्रमांक होता, तोच बहुधा तिला परत मिळतो. नव्या क्रमांकाची पट्टी लागेपर्यंत ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. २००३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये पट्टी बनविणाऱ्यांचीही नोंदणी झालेली असून गिऱ्हाइकाने आपली ओळख आणि त्या क्रमांकाचा हक्क सिद्ध केल्याशिवाय त्यांना पट्टी विकता येत नाही. विमा कंपनीलाही बदल कळविणे आवश्यक असते, कारण विम्याच्या नोंदीत जुनाच क्रमांक राहिला तर रस्त्यावरील गाडी विम्याविना फिरते आहे असे दिसते.

वाहनासंबंधी काही अटी आहेत आणि त्या पाहिल्या म्हणजे नियमांमागचा हेतू उलगडतो. गाडीची नोंद डीव्हीएलएकडे असली पाहिजे. ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी आणि तपासणीसाठी दाखविता येईल अशी असली पाहिजे. वार्षिक यांत्रिक तपासणी लागू असलेल्या वर्गातील ती असली पाहिजे. या अटीमुळे शेतीच्या ट्रॅक्टरवरचा क्रमांक उतरविता येत नाही. मागील पाच वर्षे तिचा कर अखंड भरलेला असला पाहिजे किंवा ती रस्त्याबाहेर ठेवल्याचे निवेदन सतत नोंदलेले असले पाहिजे. या निवेदनाला ‘सॉर्न’ म्हणतात. गाडी पाच वर्षांहून अधिक काळ अशा निवेदनाखाली असेल, तर आधी तिचा कर भरून तिची तपासणी करून घ्यावी लागते.

अटी जाचक वाटतात. परंतु त्या नसत्या तर काय झाले असते? कोणीही भंगारातल्या सांगाड्याचे जुने कागद मिळवून, गाडी अस्तित्वात नसताना, तिचा क्रमांक विकला असता. क्रमांक गाडीवरून सुटा होऊ शकतो, हे मान्य केल्यावर तो खऱ्याच गाडीवरून सुटला आहे याची खात्री करून घेणे शासनाला भाग पडले.

दुसरा मोठा नियम वयाचा आहे. क्रमांकामुळे गाडी जुनी भासली तर चालते, पण ती असेल त्याहून नवी भासता कामा नये. २०१० सालच्या गाडीवर १९५० सालचा क्रमांक लावता येतो. १९९५ सालच्या गाडीवर २०१० सालचा क्रमांक लावता येत नाही. जुन्या गाडीस नवी म्हणून विकणाऱ्याच्या हाती राज्याने साधन देऊ नये, हा त्याचा अर्थ आहे. याच विचाराने, ज्या गाडीचे वय किंवा मूळ निश्चित सांगता येत नाही, तिला १९८३ पासून ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक देण्यात येऊ लागला. हा क्रमांक दुसरीकडे नेता येत नाही आणि त्या गाडीवर दुसरा हौशीचा क्रमांकही चढविता येत नाही. विकत घेणाऱ्यासाठी तो कायमचा इशारा असतो.

हक्क निसटतो तो कोठे

आता या व्यवहारातील सर्वांत नाजूक भागाकडे वळावे लागेल. क्रमांक गाडीवर असेतोवर त्याचा हक्क त्या गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडे असतो. क्रमांकासाठी पैसे कोणी दिले, तो घरात किती वर्षे आहे, त्याच्याशी कोणाच्या आठवणी निगडित आहेत, हे प्रश्न नोंदवहीला ठाऊक नसतात.

एक उदाहरण कल्पून पाहू. एका गृहस्थाने १९५८ साली मॉरिस मायनर गाडी घेतली. तिच्या क्रमांकात योगायोगाने पत्नीच्या नावाची आद्याक्षरे होती. गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येक वेळी त्यांनी तोच क्रमांक नव्या गाडीवर नेला. मुले त्याच क्रमांकाच्या गाडीतून शाळेत गेली व पुढे त्याच क्रमांकाच्या गाडीतून लग्नाला निघाली. गृहस्थ वारले. घर आवरण्याच्या घाईत मुलांनी दारातली गाडी भंगारवाल्याला दिली आणि कागदांवर सही केली. आठ दिवसांनी कन्येला क्रमांकाची आठवण झाली. परंतु आता काहीही करता येत नाही. गाडी विकण्यापूर्वी किंवा भंगारात देण्यापूर्वी क्रमांक उतरविला नाही, तर हक्क गाडीबरोबर जातो. वास्तविक धारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक मृत्यूचा दाखला व आवश्यक कागद जोडून क्रमांक राखून ठेवू शकतात किंवा कुटुंबातील दुसऱ्या गाडीवर नेऊ शकतात. हे काम फक्त गाडी हातची जाण्यापूर्वी झाले पाहिजे. येथे ८० पौंडांचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो दोन कामांपैकी कोणते आधी करावयाचे, एवढाच.

दुसरा धोका याहून फसवा आहे. वडिलांनी प्रेमाने आपला क्रमांक मुलाच्या गाडीला दिला, तर त्या क्षणापासून हक्क मुलाचा होतो. मुलाने ती गाडी विकताना क्रमांक उतरविला नाही, तर तो परक्याकडे जातो. गाडी भाड्याच्या करारावर घेतलेली असून नोंदणी कंपनीच्या नावाने असेल, तर तिच्यावर चढविलेल्या क्रमांकाचा हक्क कंपनीकडे जातो. करार संपण्यापूर्वी तिच्या संमतीने तो उतरवून घ्यावा लागतो. गाडी विकताना तोंडी ठरलेल्या गोष्टींना येथे फारसा अर्थ राहत नाही.

तिसरा धोका विस्मरणाचा आहे. कपाटात ठेवलेल्या दस्तऐवजाची १० वर्षांची मुदत संपण्यापूर्वी तो नूतन करून घेतला नाही, तर हक्क संपतो. दहा वर्षांत माणूस घर बदलतो, पत्ता बदलतो, कधी स्मरणही बदलते. म्हणूनच पत्त्यातील बदल डीव्हीएलएला कळवीत राहणे, ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट क्रमांक जपण्याचा महत्त्वाचा भाग ठरते.

जुन्या गाड्यांचे दुःख

क्रमांक सुटा करता येऊ लागल्याने एका बाजूला हौस भागली, तर दुसऱ्या बाजूला एक हानीही झाली. जुन्या गाडीचा क्रमांक तिच्या मूळ गावाची व नोंदणीची साक्ष असतो. १९२० च्या सुमाराची एखादी मोटारसायकल गाडी म्हणून फारशा किमतीची नसे, पण तिच्यावरील तीन चिन्हांना मोठा भाव येई. व्यापाऱ्याने ती विकत घ्यावी, क्रमांक काढून घ्यावा आणि सांगाडा कोपऱ्यात टाकून द्यावा, असे प्रकार घडले. अशा रीतीने अनेक वाहने आपल्या इतिहासाला मुकली.

दुसरी हानी शासकीय कालमर्यादेमुळे झाली. परिषदांच्या जुन्या नोंदी स्वान्सीच्या संगणकावर नेण्याचे काम अनेक वर्षे चालले आणि १९८३ च्या अखेरीस ते बंद करण्यात आले. जी गाडी त्या काळात गोठ्यात वा कोठारात विसावलेली होती आणि जिच्या धन्याने अर्ज केला नाही, तिचा क्रमांक नोंदीतून पुसला गेला. गाडी होती, पट्टीही होती, पण राज्याच्या दृष्टीने तो क्रमांक उरला नव्हता.

या दोन्ही हानींवर मिळून जो उपाय पुढे निघाला, त्यात या साऱ्या प्रश्नाचे मर्म सामावले आहे. जुन्या गाडीच्या धन्याला आता ‘व्ही ७६५’ या अर्जाने मूळ क्रमांक परत मागता येतो. त्यासाठी जुने नोंदणीपुस्तक किंवा परिषदेच्या दप्तरातील नोंद असा पुरावा दाखवावा लागतो आणि जुन्या वाहनांच्या मान्यताप्राप्त संघाची शिफारस जोडावी लागते. क्रमांक परत मिळतो. मात्र तो त्या गाडीवरून पुन्हा कधीही उतरविता येत नाही. ज्याला क्रमांक विकावयाचा आहे, त्याला या मार्गाचा काही उपयोग नाही. ज्याला गाडीची ओळख परत हवी आहे, त्याच्यासाठीच तो खुला आहे.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला गाडी ओळखता यावी, म्हणून १९०३ साली क्रमांक जन्माला आला. आज लंडनमध्ये गर्दीच्या भागात शिरणाऱ्या गाड्यांचे क्रमांक कॅमेरे टिपतात आणि शुल्काचा हिशेब त्यावरूनच होतो. म्हणजे तो सार्वजनिक हेतू कमी न होता वाढलाच आहे. त्याच पट्टीवर माणसांनी मात्र आपली नावे, आपल्या माणसांच्या आठवणी आणि आपला डौल लिहून ठेवला. क्रमांक हलविण्याची मुभा देताना राज्याने एवढीच अट घातली आहे की, कोणता क्रमांक कोणत्या दिवशी कोणत्या गाडीवर होता, हे नोंदवहीत केव्हाही सापडले पाहिजे. म्हणून ज्याला आपला क्रमांक गाडीपेक्षा अधिक काळ टिकावा असे वाटते, त्याने गाडीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी क्रमांकाचा कागद आपल्या हाती आला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.